बागेचा सौदा आणि स्नेह्याची सचोटी

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपल्या वाडवडिलांनीं म्हणून ठेविलें, तें घर बांधणारा मनुष्य स्वतःच चुना, वीट आणि सुतार यांच्या मागें हिंडत असे त्या काळचें होय. आज शहरांत राहणाऱ्या बहुतेकांच्या वांट्यास बांधणें येत नाहीं. तयार घर विकत घेणें येतें, आणि त्याच्याबरोबर दलाल येतो. दलाल हा शब्द आपल्याकडे अरबींतून आला. त्याचा मूळ अर्थ वाट दाखविणारा एवढाच आहे. त्यांत निंदेचा गंधहि नाहीं. परंतु लोकव्यवहारांत या शब्दाला जो वास लागला आहे त्यामुळें पुष्कळांची अशी समजूत असते कीं, परक्या दलालाकडे जाण्यापेक्षां त्या धंद्यांतला एखादा स्नेही गांठावा, म्हणजे फसवणुकीची भीति उरली नाहीं. ही समजूत कितपत खरी, याचा विचार आम्हीं एरवीं केला नसता. पण एक लहानशी गोष्ट आमच्या मनाला बरेच दिवस टोंचीत राहिली आहे.

आमचे एक स्नेही घर घेण्याच्या विचारांत होते. व्यवहार जमवून देणारा गृहस्थ त्यांचा आणि आमचा जुना मित्र. धंद्यानें दलाल, पण या वेळीं दलालीचा एक पैसाहि घ्यावयाचा नाहीं असें त्यानें आधींच सांगितलें होतें. आम्ही सगळे मिळून घर पाहावयास गेलों. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल होती. रंग नवा दिलेला होता, तरी हात लावतांच ती कळत होती. दलाल मित्रानें हात लावला, आम्हींहि लावला, आणि दोघेहि गप्प राहिलों. स्नेह्यांच्या पत्नी तेवढ्यांत खिडकीशीं उभ्या राहून देवघर कोठें मांडावें तें मुलांना सांगत होत्या, आणि तो आनंद मोडण्याचा धीर आम्हां दोघांसहि झाला नाहीं. पहिल्याच पावसाळ्यांत भिंतीचे पोपडे पडूं लागले. आम्हांस कोणी बोल लाविला नाहीं. लाविला असता तर मन कांहींसें हलकें झालें असतें. या प्रकरणांत लोभ कोणालाच नव्हता. मग अप्रामाणिकपणा आला कोठून?

हा प्रश्न घेऊन रोमन लोकांकडे वळावें असें आम्हांस वाटतें. कारण दुसऱ्यासाठीं व्यवहार करणाऱ्या मनुष्याचें नातें त्यांनीं मुळीं स्नेहावरच उभारलें होतें. एकानें आपलें काम दुसऱ्यावर सोंपवावें आणि त्यानें तें पत्करावें, या कराराला ते ‘मांडाटुम’ म्हणत. त्यांत मोबदला घ्यावयाचा नाहीं अशी अट असे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभीं होऊन गेलेला पौलुस नांवाचा कायदेपंडित याचें कारण असें देतो कीं, हा करार कर्तव्यबुद्धि आणि स्नेह यांतून जन्मला; त्याला द्रव्याचा स्पर्श झाला कीं तो मजुरीचा करार होतो. या उदारपणाची दुसरी बाजू मोठी कडक होती. असें काम पत्करून ज्यानें दगा दिला, त्याच्यावर दावा शाबीत झाला म्हणजे नुसती भरपाई देऊन त्याची सुटका होत नसे. कायद्यानेंच त्याच्या नांवाला काळिमा लागे, आणि नागरिक या नात्याचे कांहीं हक्कहि तो गमावून बसे.

या कडकपणाचें मर्म सिसेरोनें आपल्या उमेदवारीच्या काळांतील एका भाषणांत सांगितलें आहे. ख्रिस्तपूर्व ८० सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, त्यानें अंब्रिया प्रांतांतील अमेरिया गांवच्या सेक्स्टस रोशियस याचें वकीलपत्र घेतलें. रोशियसच्या बापाचा रोममध्यें खून झाला होता. त्याची १३ शेतें होतीं, बहुतेक सर्व टायबर नदीला लागून, आणि त्यांची किंमत ६० लाख सेस्टर्स होती. सुल्ला या सर्वाधिकाऱ्याचा क्रायसोगोनस नांवाचा एक मुक्त केलेला गुलाम होता; त्यानें मृताचें नांव, यादी बंद झालेली असतांहि, राजद्रोह्यांच्या यादींत घुसडविलें आणि ती सगळी जमीन अवघ्या २,००० सेस्टर्सांस लिलांवांत घेतली. गांवकऱ्यांनीं सुल्लाकडे दाद मागण्यासाठीं दहा जणांस पाठविलें. त्या दहांत कॅपिटो नांवाचा एक गृहस्थ होता. त्यानें आंतून क्रायसोगोनसशीं संधान बांधिलें, बाकीच्यांस गोड बोलून परत फिरविलें, आणि १३ पैकीं ३ शेतें स्वतः पदरांत पाडून घेतलीं. सिसेरो म्हणतो, सर्वच कामें आपण जातीनें करूं शकत नाहीं, म्हणून तर माणसें मित्र जोडतात. सोंपविलेल्या कामांत दगा देणारा स्नेह आणि विश्वास या दोन अत्यंत पवित्र वस्तूंचा एकाच वेळीं भंग करतो. रोशियस आरोपांतून सुटला.

आपल्याकडे १८७२ सालीं झालेला आणि आजहि चालू असलेला कराराचा कायदा याच वाटेनें गेला आहे. मुखत्यारी निर्माण होण्यास मोबदल्याची जरूरी नाहीं, असें त्याचें १८५ वें कलम म्हणतें. २१६ व्या कलमाखालीं जें उदाहरण दिलें आहे तें तर थेट आमच्या विषयावरचें: अमुक घर माझ्यासाठीं घे, असें एकानें आपल्या मुखत्याराला सांगितलें; मुखत्यारानें तें घर मिळत नाहीं असें कळवून स्वतःसाठींच विकत घेतलें; तर हें उघडकीस आल्यावर त्यानें दिलेल्या किंमतीलाच तें घर आपणांस देण्यास त्याला भाग पाडतां येतें. पुढें २०१६ सालीं स्थावर संपदेच्या विनियमनाचा कायदा झाला, आणि नोंदलेल्या प्रकल्पांतील घरांची दलाली करणारानें स्वतःचीहि नोंदणी केली पाहिजे असें ठरलें.

हें सर्व ठीक आहे. परंतु या सगळ्या कायद्यांचा मुख्य रोंख एकाच शत्रूवर आहे, तो म्हणजे मध्यस्थाचा लोभ. कॅपिटो त्यांच्या जाळ्यांत सांपडतो. ओलीच्या भिंतीजवळ गप्प राहिलेला मित्र सांपडत नाहीं. त्याला शोधावयाचें तर कायद्याचीं पुस्तकें मिटून खासगी पत्रें उघडावीं लागतात, आणि सुदैवानें सिसेरोचीं पत्रें पुष्कळ शिल्लक आहेत.

त्यांतलें एक पत्र गॅलस नांवाच्या मित्राला लिहिलेलें आहे. सिसेरोच्या घरासाठीं मूर्ति घेण्याचें काम या गॅलसनें अंगावर घेतलें होतें. त्यानें बॅकस देवाच्या मागें नाचणाऱ्या स्त्रियांचे पुतळे घेतले, युद्धदेव मार्स याचाहि एक घेतला, आणि चार पांच पुतळ्यांना इतकी किंमत मोजली कीं, सिसेरोच्या मतें जगांतल्या साऱ्या पुतळ्यांचीहि त्यानें तेवढी केली नसती. शांततेचा पुरस्कार करणाऱ्या मनुष्यानें घरांत युद्धदेव कशासाठीं ठेवावा, असें तो थट्टेनें विचारतो. रागावला आहे, पण शब्द सांभाळून आहे. तुला ते आवडले आणि माझ्या योग्यतेचे वाटले म्हणूनच तूं घेतलेस, हें तो कबूल करतो. आतां डमासिपस नांवाच्या व्यापाऱ्यानें ते आपल्या गळ्यांतून काढून घेतले तर बरें, एवढीच त्याची आशा. गॅलसनें एक कवडीहि खाल्ली नव्हती. त्यानें आपली आवड मित्राच्या पैशानें पुरी केली, आणि तीच मित्राची आवड आहे असें धरून चालला. स्नेह्यांच्या दलालींत हा दोष इतका साधा आहे कीं, त्याला कोणी दोष म्हणतच नाहीं.

त्याच पत्रांत एक घराची गोष्ट आहे. गॅलसला सिसेरोच्या अगदीं लगत राहावयास यावयाचें होतें, आणि त्या घराचें पाहण्याचें काम सिसेरोकडे होतें. प्रवासास निघतांना सिसेरोनें तें आपली मुलगी टुलिया हिच्यावर सोंपविलें. टुलियानें त्या घरांत राहणाऱ्या बाईकडे लिसिनिया नांवाच्या स्त्रीमार्फत विचारणा केली. नवरा स्पेनला गेलेला असतां त्याच्या माघारीं, त्याला न कळवितां, घर सोडण्याचें धाडस मला होत नाहीं, असें त्या बाईनें सांगितलें. टुलियानें हें जसेंच्या तसें बापाला सांगितलें, आणि बापानें मित्राला कळविलें. नसती आशा लाविली नाहीं, कीं आपल्या खटपटीचा डौलहि मिरविला नाहीं. पत्रांतल्या या चार ओळी बहुतेक वाचक ओलांडून पुढें जातात. आम्हांस मात्र त्या फार आवडतात, कारण टुलियाचा विषय निघाला म्हणजे लोक तिच्या मरणाविषयींच बोलतात.

तें मरण ख्रिस्तपूर्व ४५ च्या फेब्रुवारींत आलें. सिसेरो तेव्हां साठीच्या घरांत होता. राजकारणांतून उठलेला, सीझरच्या सत्तेखालीं जीव मुठींत धरून राहणारा. मुलीवर त्याचा जीव होता. कांहीं दिवस तो अॅटिकस या आपल्या बालमित्राच्या घरीं राहिला आणि मग समुद्रकांठीं अॅस्टुरा येथें निघून गेला. सकाळीं एका दाट रानांत शिरावें तें संध्याकाळपर्यंत बाहेर पडूं नये, असा त्याचा क्रम. तेथून तो अॅटिकसला जवळजवळ रोज पत्र लिही, आणि बहुतेक पत्रांत एक वाक्य ठरलेलें असे: बागांचें काय झालें?

टुलियासाठीं त्याला थडगें नको होतें, देऊळ हवें होतें. थडग्यावर कायद्यानें ठरविलेल्या मर्यादेबाहेर खर्च केल्यास तेवढीच रक्कम सरकारांत भरावी लागे, हें एक कारण तो देतो. परंतु मुलीला देवत्व द्यावें हीच खरी इच्छा. त्याच्या स्वतःच्या वाड्या कांहीं थोड्या नव्हत्या. त्यांतल्या एखादींत देऊळ कां बांधूं नये? तर तेथें त्याला एक भय वाटे. जमिनींचे मालक बदलतात. आज आपली असलेली वाडी उद्यां कोणाची होईल कोण जाणे, आणि नव्या मालकाला त्या जागेचें पावित्र्य काय? म्हणून रोमलगत टायबरच्या पलीकडे, लोकांचा राबता असलेल्या ठिकाणीं एखादी बाग घ्यावी, असें त्याच्या मनानें घेतलें.

हा सौदा करावयाचा अॅटिकसनें. टायटस पॉम्पोनियस अॅटिकस हा धंदेवाईक दलाल नव्हता. श्रीमंत सरदार होता. पण स्नेह्यांचे व्यवहार पाहणें हेंच त्याचें आयुष्यभराचें काम होऊन बसलें होतें. त्याला जवळून ओळखणारा चरित्रकार नेपॉस सांगतो कीं, सिसेरो बंधु, केटो, हॉर्टेन्सियस, टॉर्क्वाटस आणि इतर कित्येक सरदार यांचीं सारीं कामें तोच पाही. तो खोटें बोलत नसे आणि दुसऱ्याचें खोटें त्याला सोसत नसे. शब्द देतांना मात्र फार विचार करी.

आतां या मध्यस्थापुढें गिऱ्हाईक कसें आलें होतें तें पाहा. सिसेरो घरांच्या व्यवहारांत कांहीं भाबडा नव्हता. ख्रिस्तपूर्व ६२ सालीं पॅलॅटाइन टेकडीवरचें घर त्यानें क्रॅससकडून ३५ लाख सेस्टर्सांस घेतलें. त्यासाठीं एका आरोपीकडून त्यानें गुपचूप २० लाख उसने घेतल्याची वार्ता फुटली, तेव्हां आपणांस घर घ्यावयाचेंच नाहीं असें त्यानें बेधडक सांगितलें. आणि घेतल्यावर कोणी तोंडावर टाकलें तेव्हां हंसून म्हणाला कीं, शहाणा गृहस्थ घ्यावयाची वस्तु घ्यावयाची नाहीं असेंच सांगतो, नाहींतर चढाओढ करणारे उभे राहतात. ही कथा ऑलस जेलियसनें नोंदविली आहे. तोच सिसेरो आतां मित्राला लिहितो कीं माझ्या मिळकतीकडे पाहूं नकोस, मला काय हवें आणि कां हवें तेवढें पाहा. हा वेडेपणा आहे हें मी जाणतों, पण तूं तो सोसला पाहिजेस, असेंहि म्हणतो. असल्या गिऱ्हाइकाला कोणत्याहि किंमतीला कोणतीहि जागा विकतां आली असती.

पत्रांतून एकामागून एक नांवें येतात. सिलियसची बाग चांगली, पण तो विकावयास नाखूष. ड्रूसस विकावयास उत्सुक, पण किंमत फार. डमासिपसनें, त्याच पुतळ्यांच्या डमासिपसनें, नदीकांठच्या जमिनीचे तुकडे पाडून दर ठरविले आहेत असें ऐकिवांत, तेंहि पाहा. क्लोडियाची बाग पसंत, पण ती विकील असें वाटत नाहीं. शेवटीं स्कापुलाच्या बागेवर मन बसलें. तेथें ओथो नांवाचा दुसरा गिऱ्हाईक आडवा आला. पैसे उभे करावयाचे ते फाबेरियस नांवाच्या ऋणकोकडून, आणि तो हात आंखडून बसलेला.

अॅटिकसनें या काळांत लिहिलेलीं पत्रें नष्ट झालीं आहेत, परंतु सिसेरोच्या उत्तरांत त्यांचा पडसाद आहे. ड्रूससच्या बागेला काय बोली झाली तें त्यानें कळविलें. येणें रकमांचा विषय तो पुनःपुन्हां काढतो. म्हातारपण काढावयास एखादी जागा हवी, हा विचार त्यानें पुढें मांडलेला दिसतो. म्हणजे मित्राच्या इच्छेंतला जो भाग शहाणपणाचा होता तेवढ्याला त्यानें हात दिला. आणि एक गोष्ट त्यानें लिहिली ती लिहिण्यास छाती लागते: तुम्ही इतका शोक उघड करूं नये असें लोक म्हणतात, आणि आमचेंहि तेंच सांगणें आहे. मूल गेलेल्या बापाला हें लिहिणें म्हणजे त्याचा रोष ओढवून घेणें होय. आणि सिसेरोला तें लागलेलें त्याच्या उत्तरांतून दिसतें. कोणी म्हणेल, एवढाच स्पष्टवक्तेपणा होता तर ‘हें देऊळ मनांतून काढून टाक’ असें त्यानें एकदांच कां सांगितलें नाहीं? आमच्या मतें किंमत, अडचण आणि लोकांचें बोलणें या तिन्ही गोष्टी न लपवितां पुढें ठेवून निर्णय धन्यावर सोंपविणें, हेंच त्याचें काम होतें आणि तें त्यानें केलें. शोकाच्या पहिल्या भरांत त्यानें मित्राकडून खरेदीखत करून घेतलें नाहीं, हेंहि विसरूं नये.

नेपॉसनें या अॅटिकसविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती वाचून आम्हांस मौज वाटली. त्याच्या स्वतःच्या मालकीची बाग एकहि नव्हती. शहरालगत किंवा समुद्रकांठीं थाटाची वाडी नव्हती. इटलींत अरेटियम व नोमेंटम येथील शेतजमिनी तेवढ्या होत्या, आणि राहावयास मामाकडून आलेलें जुनें घर. ज्याला बागेचा मोह नव्हता त्यानेंच बागा पाहावयाच्या होत्या.

जुलै महिन्यांत हें सारें एका वाक्यानें थांबलें. शहर वाढविण्याच्या गोष्टी चालल्या असतां एका गृहस्थानें सहज सांगितलें कीं, टायबरचा प्रवाह व्हॅटिकन टेकड्यांच्या बाजूनें वळवावयाचा, जुन्या मैदानावर घरें बांधावयाचीं आणि पलीकडच्या सपाटीचें नवें मैदान करावयाचें, असा सीझरचा बेत आहे. मी तर स्कापुलाच्या बागेच्या लिलांवास निघालों होतों, असें सिसेरो म्हणाला. तसें करूं नका, कायदा होणार, कारण सीझरच्या मनांत आहे, असें त्याला उत्तर मिळालें. सिसेरोनें ही बातमी लागलीच अॅटिकसला कळविली. बाग घेतली गेली नाहीं. देऊळहि झालें नाहीं.

पुढच्या वर्षीं, सीझरच्या वधानंतर, सिसेरोनें अथेन्स येथें शिकणाऱ्या मुलाला उद्देशून कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागांत पुन्हां एक बाग येते. कॅनियस नांवाचा एक विनोदी आणि विद्वान् रोमन सरदार सिराक्यूस येथें विश्रांतीला गेला होता. मित्रांना बोलावतां येईल अशी लहानशी बाग आपणांस हवी, असें तो बोलूं लागला. पायथियस नांवाच्या सावकारानें त्याला सांगितलें कीं, माझी बाग विकाऊ नाहीं, पण आपलीच समजून वापरा. आणि दुसऱ्या दिवशीं जेवावयास बोलाविलें. मग कोळ्यांना बोलावून आपल्या बागेसमोर मासे धरावयास सांगितलें. कॅनियस येतो तों समोर होड्यांची दाटी, आणि जो तो आपले मासे पायथियसच्या पायांशीं आणून टाकतो. सिराक्यूसचे सारे मासे येथेंच, असें यजमान म्हणाला. कॅनियस हट्टास पेटला आणि मागेल ती किंमत देऊन, सामानासुद्धां, बाग घेतली. दुसऱ्या दिवशीं त्यानें आपल्या मित्रांना बोलाविलें. एकहि होडी दिसेना. आज कोळ्यांचा सण आहे काय, असें त्यानें शेजाऱ्याला विचारलें. तो म्हणाला, माझ्या माहितींत नाहीं. येथें कोणी मासे धरीत नाहीं, म्हणून कालचा प्रकार पाहून मीच चकित झालों होतों.

याच भागांत घर विकणाऱ्याच्या मौनाची चर्चा आहे. घर रोगट आहे, खोल्याखोल्यांतून साप निघतात, लांकूड कुजलें आहे, आणि हें एकट्या मालकाला ठाऊक आहे; त्यानें न सांगतां विकलें तर तो दोषी काय? डायोजेनिस म्हणे, त्यानें घ्या म्हणून कोणावर जबरदस्ती केली नाहीं. अँटिपेटर म्हणे, वाट चुकलेल्याला वाट न दाखविण्यासारखेंच हें पाप आहे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूचा. तो म्हणतो, प्रत्येक मौन म्हणजे लपवणूक नव्हे. परंतु ज्यांना एखादी गोष्ट कळणें अगत्याचें आहे त्यांना ती आपल्या फायद्यासाठीं कळूं न देणें, ही लपवणूक होय.

या व्याख्येपाशीं आम्ही बराच वेळ अडून राहिलों. आपल्या फायद्यासाठीं, हे शब्द पाहून प्रथम बरें वाटलें. कारण त्या ओलीच्या भिंतीशीं आमचा किंवा आमच्या दलाल मित्राचा फायदा काय होता? दलाली नव्हती, घर आमचें नव्हतें. पण नीट आठवून पाहतां फायदा झाला होता. त्या संध्याकाळीं सगळे हंसतमुखानें आमच्याबरोबर चहा प्यावयास आले, आणि दोघांविषयींहि घरांत चांगलें बोललें गेलें. अॅटिकसनें शोकाविषयींचें तें पत्र लिहिलें तेव्हां असला चहा गमावण्याची तयारी ठेवूनच लिहिलें असलें पाहिजे.

सिसेरोचा वध ख्रिस्तपूर्व ४३ च्या ७ डिसेंबरला झाला. अॅटिकस त्यानंतर १० वर्षांहून थोडें अधिक जगला. पॅलॅटाइनवरचें तें ३५ लाखांचें घर पुढें सेन्सोरिनसकडे गेलें, आणि त्याच्यानंतर स्टॅटिलियस सिसेना याच्याकडे.